आठ रस्ता चौकातून डावीकडे

मंगळवार, २० जानेवारी

कोल्हापुराहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सोमवारी दुपारी धरली आणि मंगळवारी उन्हे कलल्यावर नागपूरला उतरले. खिडकीबाहेरचा ऊस संपून कपाशी लागेपर्यंत घरचे डबेही संपले होते.

येण्याचे कारण घरगुती आहे. एप्रिलमध्ये लेकीचे बाळंतपण आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. परंतु तिची नोकरी मिहान या नागपूर विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत, डॉक्टर इथल्या, आणि एवढ्या लांबच्या प्रवासाला त्यांची साफ ना, म्हणून यंदा माहेरानेच उठून तिच्याकडे यायचे ठरले. मार्चअखेरीस आले की पाच-सहा महिने माझा मुक्काम इथेच असेल. लेक आणि जावई सकाळी आठला बाहेर पडतात आणि सातच्या पुढे परततात. मधले अकरा तास कसे जातील याची धास्ती मला होती, त्यामुळे आधी आठ दिवस येऊन शहराशी तोंडओळख करून घ्यावी असे मीच सुचवले. कोल्हापुरात मी बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. भाजी मंडईपासून केएमटीच्या बसपर्यंत कुठेही कोणीतरी ‘बाई’ म्हणून हाक मारतेच. त्या हाकेची सवय किती लागली आहे, हे ती ऐकू येईनाशी झाल्यावरच कळते.

स्टेशनबाहेर पहिला प्रश्न हिंदीत आला. ‘‘कहाँ जाना है, माताजी?’’ मी मराठीत उत्तर दिले, तसा रिक्षावाला मोकळेपणाने हसला. ‘‘मंग मराठीत बोला न काकू, आपण बी मराठीच आहो.’’ मग हिंदीने सुरुवात कशाला, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘सुरुवात हिंदीनंच करा लागते, समोरचा कुठचा हाय ते का माहीत!’’ यावर मला काही बोलता आले नाही. लेकीने मोबाइलवर पाठवलेला पत्ता मी मोठ्याने वाचून दाखवला: प्लॉट क्रमांक, लेआउटचे नाव, अमुक गृहनिर्माण संस्था. त्याने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, ‘‘ते ठीक आहे, पण कोणत्या चौकाजवळ?’’

बुधवार, २१ जानेवारी

लेकीने निघताना मेट्रोचे कार्ड हातात दिले आणि सीताबर्डीला एकटीने जाऊन यायला सांगितले. घरापासून सुभाषनगर स्थानक चालत वीस मिनिटांवर आहे. मेट्रोच्या दोन मार्गिका समजायला सोप्या आहेत. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत साधारण उत्तर-दक्षिण जाते, ॲक्वा लाइन प्रजापतीनगरापासून लोकमान्यनगरापर्यंत पूर्व-पश्चिम, आणि दोघींची गाठ सीताबर्डीला पडते. २०१९च्या मार्चमध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये उरलेल्या मार्गाचे उद्घाटन झाले. तीन डब्यांच्या गाडीत त्या वेळी बसायला निवांत जागा होती. सुभाषनगर सुटल्यावर खिडकीतून अंबाझरी तलाव दिसतो. रंकाळ्याच्या माणसाला कोणताही तलाव दिसला की मनातल्या मनात तुलना सुरू होते. ती मी तिथेच थांबवली.

सीताबर्डीला इथे कोणी सीताबर्डी म्हणत नाही. ते ‘बर्डी’ आहे. ‘बर्डीला चाललो’, ‘बर्डीवरून आणलं’. बाजारातल्या गल्ल्यांना मोदी नंबर एक, मोदी नंबर दोन, मोदी नंबर तीन अशी नावे आहेत. ती ऐकून नवख्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते दुकानदारांच्या चांगले ओळखीचे असावेत, कारण माझ्या दुकानदाराने मी न विचारताच सांगितले की हे मोदी म्हणजे धान्याचा व्यापार करणारे मोदी, आणि नावे जुनी आहेत.

चूक परतीच्या आधी झाली. झिरो माइल पाहावा म्हणून बर्डीला ऑरेंज लाइनच्या फलाटावर गेले. झिरो माइल पुढचेच स्थानक आहे एवढे ठाऊक होते. ते कोणत्या बाजूचे पुढचे, हे विचारायचे राहिले. समोर आलेल्या गाडीत बसले आणि काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक अशी नावे ऐकू येऊ लागली. शेजारच्या मुलीने ‘‘काकू, तुम्ही उलट्या जाऊन राहिल्या’’ असे सांगितले, तेव्हा उतरायचे सोडून मी बसूनच राहिले. झालेल्या चुकीचे निदान पुरते दर्शन तरी घ्यावे! वर्धा मार्गावर खाली रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटर लांबीची एकाच खांबांवर उभी असलेली रचना आहे. तिची नोंद गिनीज बुकात झाली आहे आणि छत्रपतीनगर, जयप्रकाशनगर व उज्ज्वलनगर ही तीन स्थानके तिच्यावर आहेत. खिडकीतून खाली पाहिले तर उड्डाणपुलावरच्या गाड्या दिसत होत्या आणि त्यांच्याही खाली कुणीतरी सायकलवरून चालले होते. उज्ज्वलनगरला उतरून उलट फिरले.

झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि त्याच्या सोबतीचे चार घोडे विधानभवनापासून जवळच आहेत. १९०७मध्ये ब्रिटिशांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामासाठी ही खूण उभारली. पर्यटकांचे लक्ष घोड्यांकडे जाते. माझे लक्ष मात्र कोरलेल्या अंतरांनी धरून ठेवले. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, त्याखेरीज चांदा, शिवणी, छिंदवाडा, बैतूल. त्यात पुणे नाही, मुंबई नाही, कोल्हापूर असण्याचा तर प्रश्नच नाही. शाळेत मी नकाशावर नागपूर ‘महाराष्ट्राच्या पूर्वेला’ असे दाखवत आले. ज्यांनी हा दगड रोवला त्यांच्या दृष्टीने हे शहर कशाच्याही पूर्वेला नव्हते. ते मध्य प्रांताची राजधानी होते आणि १९५६पर्यंत राजधानीच राहिले. त्याचे तोंड जबलपूर-रायपूरकडे होते. कालच्या रिक्षावाल्याने हिंदीत सुरुवात का केली, याचे अर्धे उत्तर त्या दगडावर होते.

गुरुवार, २२ जानेवारी

सकाळी गोकुळपेठेच्या बाजारात भाजीला गेले. मराठीची शिक्षिका म्हणून माझी जी काही घमेंड होती ती या बाजाराने दहा मिनिटांत उतरवली. मेथी आणि वांगी घेतल्यावर भाजीवालीने विचारले, ‘‘सांबार देऊ काय?’’ मी म्हटले, ‘‘नको, घरी इडल्या नाहीत.’’ तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा शेजारणीकडे पाहिले, मग कोथिंबिरीची जुडी उचलून माझ्या नाकासमोर धरली. ‘‘हा सांबार, बाई. इडलीचा तो वेगळा.’’ दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. पण तिच्या तोंडून ‘बाई’ ऐकून मला इतके बरे वाटले की हसण्याचे काही वाटले नाही. पुढे कळले की इथले कोहळे म्हणजे आमचा लाल भोपळा आणि फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग. सांबार आपल्याकडूनच गेला की तिकडून आला, हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी घालावा. आपण जुडी पिशवीत टाकावी. तिथल्या सांबारवड्या खाल्ल्यावर नावाबद्दल तक्रार राहत नाही.

संध्याकाळी लेकीची मीटिंग लांबली. मी गच्चीवर उभी होते. थंडी बरीच होती आणि लेआउटमधल्या हनुमान मंदिराच्या बाजूने एक आवाज येत होता, तो मला ओळखू येईना. टाळ नव्हते, मृदंग नव्हता. एकाच वेळी ठेका धरणारे आणि झांजेसारखे किणकिणणारे काहीतरी होते. शाल घेऊन खाली उतरले.

मंदिराच्या मंडपात नऊ-दहा बायका होत्या. मधोमध साठीच्या एक बाई, डाव्या हातात खंजिरी. मी पायरीवर उभी राहिले, तशी त्यांनी न थांबता उजव्या हाताने सतरंजीवरची मोकळी जागा दाखवली आणि तोच हात पुढच्या ठोक्याला परत खंजिरीवर आणला. इतके सहज, की त्या बोलावण्याने ठेका तसूभरही हलला नाही.

ती भजने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची होती. आमच्या भागात तुकडोजी महाराज म्हणजे फळ्यावरच्या सुविचाराखालचे नाव, किंवा नागपूर विद्यापीठाच्या नावातला पूर्वार्ध. १९२३च्या या विद्यापीठाला २००५मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, हे मला सामान्यज्ञान म्हणून माहीत होते. इथे मात्र ते माणूस म्हणून माहीत आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९मध्ये जन्मलेला माणिक नावाचा मुलगा, अडकोजी महाराजांनी ठेवलेले तुकड्या हे नाव, मोझरीचा गुरुकुंज आश्रम, एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता. हे सगळे त्या बायका शेजारच्या घरातल्या कर्त्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत होत्या. भेटल्यावर एकमेकींना त्या ‘जय गुरू’ म्हणत. भजने काही मराठीत, काही हिंदीत. एक मराठी संपले की कुठलीही सूचना न होता पुढचे हिंदीत सुरू होई आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

शेवटी माझी चौकशी झाली. कोल्हापूर म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अंबाबाई!’ आले. मग खंजिरीवाल्या बाईंनी ती माझ्या हातात दिली. लाकडी कड्याची कड एका बाजूला बोटांच्या घामाने काळीभोर आणि गुळगुळीत झाली होती, दुसऱ्या बाजूला लाकडाचा रंग अजून शाबूत होता. कातड्यावर मधल्यापेक्षा कडेजवळ जास्त डाग होते, म्हणजे ठोका तिथे पडतो. पितळी चकत्यांपैकी एक बदललेली होती आणि ती इतरांपेक्षा पिवळी दिसत होती. मी तुकोबांचा एक अभंग धरला, जो कोणत्याही मराठी माणसाला येतो. त्यांनाही येत होता. पण चाल दुसरी. आमची चाल दिंडीच्या पावलांना धरून हळू चढते, त्यांची पहिल्याच ओळीत उडी घेते. दोन कडव्यांपर्यंत आम्ही एकमेकींना ओढत राहिलो. मग मी सोडून दिले आणि त्यांच्यामागून गेले. हात खंजिरीवर चुकतच होता. खंजिरीला मनगट सैल सोडावे लागते, आणि आमची मनगटे टाळांनी घट्ट केलेली.

घरी आले तेव्हा तळहात लाल झाला होता आणि लेक दारात काळजीने उभी होती.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज दीक्षाभूमी. लेकीने सकाळी घाईत सांगितले होते, ‘‘शेअर ऑटोने आठ रस्ता चौकात उतर आणि डावीकडे जा.’’ लक्ष्मीनगरातल्या या चौकात खरोखरच आठ रस्ते एकत्र येतात. मी मधल्या वर्तुळाकडे तोंड करून उभी राहिले आणि माझ्या डावीकडे तीन रस्ते मोजले. पाठ फिरवली तर डावी बाजूच बदलली. एकाने सांगितले त्या रस्त्याने दहा मिनिटे चालले तर बजाजनगर आले. दुसऱ्याने परत चौकात पाठवले. तिसरी भेटलेली व्यक्ती म्हणजे शाळेचा गणवेश घातलेला सायकलवरचा मुलगा. त्याने दिशा सांगण्याऐवजी ‘‘चला, मी तिकडूनच जाऊन राहिलो’’ म्हणून सायकल हातात धरली आणि अर्धा रस्ता माझ्याबरोबर चालला. इथे पत्ता सांगताना हात कमी हलतो आणि माणूस जास्त हलतो, असे मला या आठवड्यात तीन-चार वेळा दिसले. एका रिक्षावाल्याने मात्र त्याच चौकातून परतताना दुपटीने पैसे घेतले, हेही नोंदवून ठेवते. त्याने विचारलेला चौक मला माहीत नव्हता, हे त्याच्या लगेच ध्यानात आले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना ती दिली. नंतर उभारलेल्या स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. आत शिरताच जाणवते ती घुमटाखालची शांतता. बाहेर बोधिवृक्षाच्या पारावर पांढऱ्या साडीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या. १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपुरातही दीक्षा दिली, तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या आणि आजोबांच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. ‘‘बाबासाहेब नाही दिसले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘गर्दीच इतकी. पण खांद्यावरून मागं पाह्यलं तं लोकांची रांग संपतच नोहती.’’ मी काही विचारण्याआधी त्यांनीच माझे गाव विचारले, कोणाकडे उतरले ते विचारले आणि लेकीला कितवा महिना आहे तेही विचारले. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन ‘जय भीम’ म्हणाल्या. मीही म्हटले.

शनिवार, २४ जानेवारी

ॲक्वा लाइनने चितार ओळीला उतरून इतवारीत हिंडले. कोल्हापुरातही वारांच्या पेठा आहेत, त्यामुळे इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे परकी वाटत नाहीत. फरक इतकाच की आमची रविवार पेठ आहे आणि यांची इतवारी. गल्लीला इथे ओळ म्हणतात. चिताऱ्यांची ती चितार ओळ, सराफांची सराफा ओळ. गांजाखेत, मस्कासाथ, तीन नळ चौक अशा नावांपुढे कोणताही सरकारी फलक फिका पडतो. भर दुपारी एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. कोरड्या पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री. आमच्या मिसळीच्या कटाशी तिचे नाते लागते, पण ते मी तिथे बोलून दाखवले नाही. टपरीवाल्याने मात्र सावजी रस्सा आणि तांबडा रस्सा यांत तिखट कोण, हा प्रश्न मला टाकलाच. पाहुण्याने जे उत्तर द्यायचे ते मी दिले.

याच बाजूला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची, म्हणजे इडा-पिडा घालवण्यासाठी केलेल्या बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून काढतात, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषाच्या रूपातल्या पुतळ्यांवर, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आलेला असतो त्याचे नाव टांगलेले असते. ‘‘इडा-पिडा घेऊन जा गे मारबत’’ असा ओरडा करत पुतळे गावाबाहेर नेऊन जाळतात. पोळ्यापर्यंत माझा मुक्काम टिकला तर पाहायची आहे.

परतताना एका जुन्या वाचनालयात सभासद व्हायला गेले. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३च्या संक्रांतीला झाली, म्हणजे या भागात वाचनाची परंपरा भक्कम आहे, अशा विश्वासाने मी काउंटरसमोर उभी राहिले. तिथल्या गृहस्थांनी स्थानिक पत्त्याचा पुरावा मागितला. माझा पत्ता कोल्हापूरचा. मुलीचा चालेल का, तर तिला स्वतः यावे लागेल. ती सातनंतर सुटते, तर वाचनालय त्याआधी बंद होते. नियमात त्यांचे काही चुकत नव्हते आणि वर मान करून बोलण्याचा नियम बहुधा नसावा. बत्तीस वर्षे मुलांना पुस्तके वाटलेल्या बाईला पुस्तकाविना बाहेर पडताना राग आला, तो मी बर्डीपर्यंत चालत जाऊन घालवला.

रविवार, २५ जानेवारी

रथसप्तमी, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. खालच्या मजल्यावरच्या काकू कालच बोलावून गेल्या होत्या. तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले होते की माझे यजमान जाऊन चार वर्षे झाली. त्या म्हणाल्या, ‘‘त्याचं काय आहे त्यात? पाच वाजता या.’’ विधवांना सक्तीने पाळाव्या लागणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२मध्ये केला तो आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने. त्याचा अभिमान मी चारचौघांत सांगत असते. माझ्या स्वतःच्या गल्लीतून मात्र या चार वर्षांत हळदीकुंकवाचे एकही बोलावणे आलेले नाही. अभिमान सांगताना हे वाक्य मी गाळत असे.

पाचला गेले. कोयरी माझ्यासमोर आल्यावर काकूंचा हात क्षणभर थांबला. ‘‘लावू?’’ त्यांनी हळूच विचारले. मी म्हटले, ‘‘हळद लावा.’’ त्यांनी हळद लावली, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून चहाची गाळणी हातात ठेवली. तेवढ्यात मागून ‘‘जय गुरू, कोल्हापूरच्या ताई!’’ असा आवाज आला. गुरुवारच्या भजनी मंडळातल्या दोघी तिथे आलेल्या होत्या.

त्यांतल्या एकजणींचे घर अंबाझरी लेआउटमध्ये आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे पाऊस कोसळून अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा यांच्या घरात ते ओट्यापर्यंत चढले होते. मंडळाची पेटी त्यांच्याकडे असे. ती लाकूड फुगून गेली. खंजिरी खुंटीवर होती, ती राहिली. ‘‘तेव्हापासून आम्ही पेटीशिवायच म्हणतो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नवी घ्यायचं ठरते, मंग कोणाचं ना कोणाचं लग्न निघते.’’ गुरुवारच्या भजनात पेटी का नव्हती, हे मला विचारायचे सुचलेच नव्हते. वाचनालयाची गोष्ट मी त्यांना रंगवून सांगितली. दुसऱ्या बाईंनी ती पूर्ण ऐकलीही नाही. त्यांचे दीर त्याच वाचनालयाचे जुने सभासद निघाले. ‘‘त्यांच्या कार्डावर आणून देईन. कोणती पाहिजेत ते लिहून द्या फक्त.’’ काकूंच्या टेलिफोन डायरीतल्या पानावर मी चार नावे लिहून दिली.

सोमवार, २६ जानेवारी

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि तो सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असा वर्षातून तीनच दिवस उघडतो. मंडळातल्या आम्ही सहाजणी मेट्रोने निघालो. बर्डीला उतरल्यावर कोणता जिना घ्यायचा हे मी पुढे होऊन सांगितले आणि चुकीचाच सांगितला.

रांग लांब होती, पण जत्रेसारखी. पोरे खांद्यावर, हातात कागदी झेंडे, कोणीतरी मुरमुऱ्यांचा पुडा रांगभर फिरवत होते. टेकड्या दोन आहेत, मोठी आणि छोटी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई इथेच झाली. भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली होती, पण ती टिकली नाही आणि लढाई इंग्रजांनी जिंकली. हे मी पाठ्यपुस्तकात दीड ओळीत शिकवले असेन. दोन टेकड्यांमधली खोलगट जागा प्रत्यक्ष पाहिल्यावर कळते की छोटीवरून मोठीवरची माणसे किती जवळ दिसत असतील. सीताबर्डी हे नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून पडले, असे आमच्यातल्या एकीने सांगितले. तिच्या माहेरी ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

वरून सगळे शहर दिसत होते. एका अंगाला रेल्वे स्टेशन, खाली टेकडी गणपतीकडे जाणारी गर्दी, मधून मेट्रोचा पूल. बाकीच्या पाचजणींनी मला घर, मंदिर, मेडिकल, महाल, दीक्षाभूमी कोणत्या बाजूला ते सांगितले आणि प्रत्येकीचे बोट थोड्या वेगळ्या दिशेला होते. त्यावरून तिथेच वाद जुंपला. बंदोबस्ताच्या जवानाने ‘‘आगे बढिए’’ म्हटले तेव्हा तो कुठे मिटला.

मंगळवार, २७ जानेवारी

गाडी सकाळी उशिराची होती. नऊला खंजिरीवाल्या बाई स्वतः घरी आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पुस्तके, वाचनालयाचा शिक्का असलेली, आणि एक स्टीलचा डबा. पुस्तके मी लेकीच्या टेबलावर ठेवली, कारण मुदत पंधरा दिवसांची आणि मी येणार दोन महिन्यांनी. ती वाचून परत करायची जबाबदारी आता तिच्यावर आली, याबद्दल तिने माझ्याकडे रागाने पाहिले. डब्यात सांबारवड्या होत्या. ‘‘डबा आणा बरं परत,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि रिकामा नका आणू.’’

स्टेशनला नेणाऱ्या रिक्षावाल्याने ‘‘कहाँ से आए?’’ विचारले आणि मी ‘‘सुभाषनगरवरून’’ म्हणाले. वर्ध्यापर्यंत भूक दाबून धरली. मग डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब अजून होते. खाऊन झाल्यावर तो पुसून उलटा केला, तर बुडाशी मशिनने ठिपक्या-ठिपक्यांत कोरलेले नाव, त्याखाली ‘यांच्या लग्नात मामांकडून, इतवारी’ आणि साल १९८४. एवढ्या जुन्या डब्याचे झाकण अजून घट्ट बसत होते. तो पिशवीत तळाशी, गाळणीच्या शेजारी ठेवला आणि कोल्हापूरला पोहोचल्यावर त्यात काय भरून आणायचे याचा विचार करत राहिले. काकवी सांडेल. गूळ बरा.